इरप्पाचे हातमोजे

मनीषा सुट्टीला चिंताकीला आजोबांकडे आली, तेव्हा इरप्पाची नजर आधी गेली ती नातीच्या तळव्यांवर. दोन्ही सोलून निघाले होते. पोरगी हैदराबादला वसतिगृहात शिकत होती आणि तिथल्या तलावात शिडाची होडी चालवत होती. वारा भरला की शिडाची ओली दोरी हातातून सरसर पळते आणि जाताना कातडं घेऊन जाते, असं ती हसत हसत सांगत होती. होडीच्या क्लबातले हातमोजे तिला ढगळ होते. आणि पुढच्या रविवारी संघाची निवड. असल्या हातांनी ती दोरी धरणार कशी, या काळजीनं इरप्पाला जेवण गोड लागेना.

शिडाची होडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पण धनगराच्या घरात थंडी, पाऊस, कंबरदुखी, सगळ्यावर औषध एकच, लोकर. घोंगडी पावसात तारते, तर मोजे का नाही तारणार? त्यानं कोकराच्या पहिल्या कातरणीची राखून ठेवलेली लोकर काढली, बायकोला, कोंडाबाईला, सूत काढायला बसवलं आणि औरादच्या अन्नपूर्णाबाईंकडून तीन दिवसांत काळेभोर हातमोजे विणून आणले. एवढी धावपळ यानं आमच्या लग्नातही केली नव्हती, असं कोंडाबाईचं म्हणणं.

मनीषा हरखली. मोजे घालूनच ती विहिरीवर गेली आणि बादली सोडली. पण लोकर भिजली, फुगली, सैल पडली. दोरी सुळकन निसटली आणि बादली तळाला गेली. पाण्याला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ते हसणं इरप्पाला फार लागलं. त्यानं मोजे वाळवले आणि लोकरीच्या पोत्यात पार खाली दडपून टाकले.

दुसऱ्या दिवशी औरादचा बाजार होता. इरप्पा नातीला घेऊन निघाला, सोबत प्लास्टिकच्या डब्यात पाण्यात बुडवलेली दोरी. मोटारसायकलचं सामान विकणाऱ्या माणिकरावांना त्यानं दोरीचं एक टोक धरायला लावलं आणि दुसरं, दुकानातले एकेक मोजे चढवून, मनीषाला. रबरी मोज्यात दोरी हाताला कळेना. जाड चामड्यात मूठ मिटेना. पातळ चामड्याच्या तळव्याच्या एका जोडानं मात्र दोरी अशी पकडली की मनीषानं ओढताच माणिकराव गल्ल्यावरून अर्धे बाहेर आले. तो जोड किंचित घट्ट होता. चामडं भिजलं की सैल पडतं, नव्या चपलेला विचारा, असं म्हणत इरप्पानं तोच घेतला.

घरी येऊन मनीषानं दोरीला गाठ मारून पाहिली. बसेना, सुटेना. बोटांना काही लागतच नव्हतं. तिचं तोंड उतरलं. इरप्पा थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसला, मग उठला आणि मेंढरं कातरायची कातर घेऊन आला.

"लोकर कातरताना अंगठा आन् हे बोट उघडंच लागतंय," तो म्हणाला. "खाली कातडं कुठं हाय, ते बोटालाच कळतंय."

आणि कोऱ्या मोज्यांची दोन-दोन टोकं त्यानं उडवली. कोंडाबाईनं कपाळाला हात लावला, पण कडा तिनंच शिवून दिल्या. मनीषानं डोळे मिटून गाठ मारली आणि डोळे मिटूनच सोडवली.

रविवारी इरप्पा पटका बांधून हैदराबादच्या तलावाच्या काठावर उभा होता. इतक्या शिडांत आपलं कुठलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून तो सगळ्यांकडेच मायेनं बघत राहिला. दुपारी निवडीची यादी वाचली गेली. मनीषाचं नाव तिसरं होतं.

ती निथळत, कुडकुडत त्याच्याकडे आली. ओले मोजे काढले, पिशवीत हात घातला आणि काळ्या लोकरीचे मोजे बाहेर काढून हातात चढवले. इरप्पा खजील झाला.

"ते कामून आणलीस? पाण्यात कामाचे न्हाईत ते."

"पाण्यात न्हाईत," मनीषा म्हणाली. "पण अप्पा, पाण्यातून भाईर आल्यावर लई थंडी वाजायलीय. पोत्यात कामून दडवलात?"

 इरप्पानं तिचे दोन्ही हात मोज्यांसकट आपल्या हातात घेतले आणि ऊब येईपर्यंत धरून ठेवले.