कडीचा ताण

मायेला नावं ठेवू नयेत म्हणतात. नका ठेवू. पण या आईची माया अशी की लेक पस्तिशीला आला तरी ती त्याला स्वतः घास भरवायची, आणि भरवताना दार सताड उघडं ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. "माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही," असं सांगताना तिचा चेहरा खुलायचा.

लहानपणीच्या आजारात लेकाचे पाय गेले आणि बोटांतली पकडही. तळव्यांनी चाकं ढकलत तो खुर्ची घरभर फिरवायचा. आवाज मात्र खणखणीत. त्या आवाजावर बसस्थानकात गाड्यांच्या घोषणा करायचं काम त्याच्याकडे चालून आलं. तिथल्या केबिनमध्ये दिवसभर एकट्याने बसायचं होतं, म्हणून साहेबांनी अट घातली: आधी घरचं दार एकट्याने उघडून दाखव.

त्याची मावसबहीण शिलाई मशीन दुरुस्त करायची. या ताईचं डोकं मोठं अचाट. मनगटाला बांधायच्या पट्ट्यात चमचा बसवून तिने त्याला हाताने जेवता येईल असं केलं होतं. आईने तो पट्टा कपाटात टाकला, सांडतो म्हणे. आता ताईने जुन्या मशीनचं चाक दाराशेजारी बसवलं आणि त्यावरून चामड्याचा पट्टा कडीला जोडला. पट्ट्याच्या फासात मनगट अडकवायचं, हात सैल सोडायचा. हाताच्या नुसत्या वजनाने कडी वर. दोऱ्याचा ताण कमीजास्त करायला मशीनला असतो तसा एक स्क्रूही होता; तो आवळला की चाक जड व्हायचं. पहिल्याच दिवशी लेकाने दार इतक्या वेळा उघडलं आणि लावलं की ताई हसून हसून दमली.

आईला हसू आलं नाही. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती, ताणाचा स्क्रू तिला कोणी शिकवायला नको होता. केर काढताना ती तो रोज थोडासा आवळायची. एकदम नाही, थोडासाच. लेकाला वाटलं, आपला हातच चालला. तो घाबरला, आणखी सराव करू लागला, रात्री तेल चोळून मागू लागला. तेलही आईच चोळायची, अगदी मायेने.

साहेब आले त्या दिवशी कडी जागची हलली नाही. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा न घेताच गेले. आई म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? त्याला नाही जमायचं. मी आहे ना." त्याने ताईला फोनवर सांगितलं की तुझी कडी चांगली आहे, माझाच हात गेला, आणि तू आता येऊ नकोस. काम दुसऱ्या कुणाला मिळालं. स्क्रू मात्र तसाच राहिला.

मग एका सकाळी आई न्हाणीघरात घसरली. कंबरेचं हाड मोडलं, उठता येईना. शेजारपाजारचे कामाला गेलेले, लेकाच्या हाका बंद दाराआडून रस्त्यापर्यंत पोचेनात. फोन स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर. लेकाच्या हातून पडेल म्हणून तिनेच तिथे ठेवलेला. ती ओरडली, "दार उघड रे, कुणाला तरी बोलाव." त्याने फासात मनगट घातलं आणि होतं नव्हतं ते बळ लावलं. चामडं मनगटात रुतलं, रक्त आलं.

"आई, हातात जोरच उरला नाही गं," तो रडत म्हणाला.

जोर कुठे गेला ते तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "ओढ रे, नीट ओढ." संध्याकाळी शेजारीण कामावरून परतली आणि हाका ऐकून आली, तोवर तो ओढतच होता.

इस्पितळातून आईला घरी आणलं तेव्हा ताई आली. त्याच्या मनगटावरची जखम पाहून ती तडक दाराशी गेली आणि स्क्रूला हात लावला.

"हा इतका कोणी आवळला?"

हातच्या काकणाला आरसा कशाला. घरात माणसं दोन, आणि त्यातल्या एकाच्या बोटांत पकड नाही. लेकाने आईकडे पाहिलं. आईने भिंतीकडे तोंड केलं. ताईने स्क्रू सैल केला. लेकाने फासात मनगट अडकवून हात सोडला आणि दार उघडलं. मग लावलं. पुन्हा उघडलं. या वेळी कोणी हसलं नाही.

ताईला संताप आला होता, पण कोणाला उठता येत नाही म्हटलं की तिचे हात शिवशिवायचे. तिने पलंगाचं माप घेतलं. डॉक्टर म्हणतात सरावाने चालायला येईल, मावशी, मी तुला असा कठडा करून देते की आपली आपण उठशील, असं ती म्हणाली. आईने मान ताईकडे वळवली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत जीव आला.

"नको ताई," लेक म्हणाला. "तिला नाही जमायचं. उगाच पडेल. मी आहे ना."

मग कपाटातला पट्टा त्याने ताईकडून मनगटाला बांधून घेतला, दार सताड उघडं ठेवलं आणि पेजेचा चमचा भरून आईच्या तोंडाशी नेला.

"आ कर," तो म्हणाला.