सगळ्या ओळी वेइक्कोच्या

"बोट पावणेदहाची, आणि इथे पावणेनऊ दाखवतंय," साना म्हणाली. "माझंच काही चुकलं का?"

"तुझं कसलं चुकतंय! आजच तर आलीस." राइयाने खुर्ची जवळ ओढली. सकाळपासून ती सानाचा नवा संगणक लावून देत होती. साना वीस वर्षं नर्स होती. चाळिशीत प्रोग्रामिंग शिकून औलू शहरातल्या या छोट्या कंपनीत आली होती. बोटींच्या वेळापत्रकाची ही वेबसाइट राइयाने बारा वर्षं एकटीने वाढवली होती.

तिने चालता कोड नेमक्या ओळीवर थांबवून दाखवला. "बघ, इथे एक तास गळतोय."

"ही ओळ कुणाची, ते कळतं?"

"कळतं की. प्रत्येक ओळीमागे लिहिणाऱ्याचं नाव असतं. ही माझीच. नवरा दवाखान्यात होता तेव्हा त्याच्या उशाशी बसून लिहिलेली."

तिने नोंद उघडली. वेइक्को हार्युला. खालची ओळ, वेइक्को. सगळ्या फायली, सगळ्या ओळी वेइक्कोच्या. तारीख एकच, गेल्या मार्चमधली.

तिचा सहकारी वेइक्को चहापाण्याच्या खोलीत वेलचीचा पाव खात होता. राइयाने तिथे जाऊन त्याला नावांचं विचारलं.

"अगं, कोड नव्या जागी हलवला ना, तेव्हा कुणी काय लिहिलं तो जुना इतिहास सोडून दिला, म्हणून सगळं माझ्या नावावर पडलं. कंपनी विकत घेणाऱ्यांना स्वच्छ हवं होतं."

"माझं नाव म्हणजे घाण होती?"

"तसं नाही गं. ते विचारत होते, हे सगळं कुणी उभं केलं. मला भागीदारी देतायत..."

"म्हणून माझा जुना लॅपटॉप, त्यातल्या जुन्या प्रतीसकट, स्वतः पुसून दिलास? आणि मी तुला 'थँक्यू' म्हटलं!"

वेइक्कोने कपात चमचा फिरवला. साखर त्याने घातलीच नव्हती.

"तुझ्या पहिल्या दिवशी तुझा संगणकही मीच लावून दिला होता रे," एवढंच ती म्हणाली.

ती जागेवर परतली. सानाने तेवढ्यात चूक दुरुस्त केली होती. पडद्यावर बोट आता पावणेदहाला सुटत होती.

"नोंद करायला नाव मागतंय. तुझं टाकू? शोधलंस तर तू."

राइयाने खुर्ची पुन्हा जवळ ओढली.

"दुरुस्त कुणी केलं? तुझं टाक. पूर्ण टाक, आडनावासकट."

साना टाइप करू लागली. राइया चष्मा पुसून पुढे वाकली आणि एकेक अक्षर तपासत राहिली.