दीड हात माती

भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्याला लागतं आणि खालची शेतं भिजवत जातं. ते पाणी गजाच्या शेतात जायचं, पलीकडे विठूच्या शेतात जायचं, पण मधल्या पोपटच्या तुकड्यात चढायचं नाही. तुकडा दीड हात उंच होता. पावसाळ्यात तिथं भात उत्तम यायचा. पण थंडी सरली की दोन्ही अंगांना उन्हाळी भाताची हिरवी लावणी आणि मध्ये पोपटची कोरडी जागा, पुढचा दात पडल्यासारखी.

पोपटला याचा एवढा राग होता, की तो बांधावर उभा राहून पाण्याला शिव्या द्यायचा. गावातले लोक सांगतात, त्या शिव्या ऐकून एकदा कालवा दोन तास उलटा वाहिला. ते जरा जास्त होतं. तासभर वाहिला असेल.

अशात शेलूचा वीटभट्टीवाला धाऊ त्याला भेटला.

"पोपटशेट, वरची दीड हात माती मी नेतो," धाऊ म्हणाला. "बदल्यात घराच्या भिंतीपुरत्या विटा देतो. शेत खाली बसलं की पानी आपसूक आत."

पोपटला वाटलं, एवढी साधी गोष्ट आपल्याला आजवर सुचली कशी नाही! घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. सोनुबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"वरची माती गेली तर पेरशील कशात?"

"आये, खाली पन मातीच हाय ना? जमीन काय भाकरी हाय का, वरचा पापुद्रा निघाला की संपली?"

"भाकरीच हाय ती. पापुद्र्याखाली तवा हाय नुसता."

पोपट हसला. आठ दिवसांत धाऊच्या बैलगाड्या लागल्या आणि काळी, भुसभुशीत माती शेलूच्या वाटेनं गेली. खाली पिवळट, घट्ट मुरूम उघडा पडला. सोनुबाईनं बांधावरून तो एकदा पाहिला, घरी आली, लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि अंगण ओलांडून धाकट्या लेकाच्या, गजाच्या घरी राहायला गेली.

"आये, हे काय गं?"

"काय नाय. त्या तुकड्यात जीव येईल तवा येईन. मेलेल्या शेताचं मी खानार नाय."

अंगण एकच, घरं समोरासमोर. म्हणजे आई गेली ती वीस पावलांवर. पण थोरल्याला सोडून आई धाकट्याच्या ताटात जेवते, ही गोष्ट भिवपुरी स्टेशनापर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. पोपट चहा प्यायला टपरीवर बसला की कुणीतरी विचारायचंच, "मग, आई बरी हाय ना? गजाकडं असते म्हनं?" पोपटनं चहा सोडला.

पाणी मात्र आलं. पहिल्याच हंगामात तुकडा तळ्यासारखा भरला. पोपटनं लावणी केली. रोपं बोटभर वाढली, पिवळी पडली आणि तशीच उभी राहिली, चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसांसारखी. पुढं पावसाळ्यातही तेच झालं.

धाऊनं कबूल केल्याप्रमाणे विटा दिल्या होत्या, पण त्या पुरत्या भाजलेल्या नव्हत्या. श्रावण लागला तशी पोपटच्या नव्या भिंतीला गवत फुटलं. मग लोंब्या आल्या. पोपटची बायको जयवंता खुरपं घेऊन भिंत बेणायची, आणि विठूची शेळी रोज दुपारी भिंत चरायला यायची. सोनुबाई पलीकडच्या ओट्यावरून विचारायची, "जयवंता गं, भिंतीची कापनी कधी? हाक मार, मी येते विळा घेऊन."

"तुमच्या लेकाला इचारा," जयवंता म्हणायची.

पोपट विचार करकरून एका गोष्टीपाशी येऊन पोचला. गजाच्या बांधात कुदळ मारली की गांडुळं निघायची. आपल्या तुकड्यात एक निघत नव्हतं. म्हणजे आईचा तो जीव हाच. एके दिवशी तो गजाच्या बांधाशी बादली घेऊन उकरत बसला.

"दादा, मासं धराया चाललास?" गजानं मागून विचारलं.

"हां, मासं."

"गळ कुठाय?"

पोपटनं बादली पायामागं सरकवली.

"बादलीभर गांडुळं नि गळ नाय. मासं काय तोंडानं धरनार?"

शेवटी पोपटनं खरं सांगितलं. गजा एवढा हसला की बांधावरच खाली बसला, पण मग त्यानंही कुदळ घेतली. दोघा भावांनी दोन टोपल्या गांडुळं काढली आणि पोपटच्या तुकड्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पोपट शेतावर गेला, तर गांडुळं रांगेनं बांध चढून परत गजाच्या शेतात चालली होती. शेवटच्यानं बांधावर थांबून मागं वळून पाहिलं, असं पोपट शपथेवर सांगायचा. गांडुळाचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, हे त्याला कसं कळलं ते त्यालाच ठाऊक.

"त्यांना खायाला काय ठेवलं होतंस?" सोनुबाईनं विचारलं. ती राहायला पलीकडे होती, बोलणं बंद नव्हतं. "पावन्याला नुसत्या जमिनीवर बसवलं नि वाढलं काय नाय, तर तो राहील का रं?"

"मग खातात काय?"

"कुजका पाला, शेन. ते खातात नि माती हगतात. जातायेता बिळं पाडतात, त्यातनं पानी मुरतं, वारा जातो. दिसाया काम कायच नाय. पर तुज्या दोन बैलांच्यानं होनार नाय."

हिवाळा संपेपर्यंत पोपट आणि जयवंता डोंगराच्या उतारावरून पाला आणत होते. ऐन, किंजळ, पळस, जे मिळेल ते. गोठ्यातलं शेण त्यात मिसळलं. फाल्गुनात अख्खा तुकडा गुडघाभर झाकला गेला. जयवंताच्या डोक्याला चुंबळीचा वळ पडला होता.

वैशाखात गावभर राब भाजायची वेळ आली. इकडे रोपं टाकायची जागा आधी पाला-शेणानं झाकतात आणि पेटवतात. तणाचं बी जळतं, राखेवर रोप जोमानं येतं. पोपटच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. वैशाखात जमिनीवर पसरलेला पाला दिसला, की काडी लावायची. पोपटनं घराजवळच्या आपल्या राबाला काडी लावली, तो भाजला, आणि वर हवा कशी आहे बघत तो तसाच तुकड्यावर गेला. पाला दिसला. हात खिशात गेला.

ज्वाळा मध्यावर पोचल्या तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"अवं, काय केलंत!" जयवंता बांधावरून ओरडत आली.

"राब भाजला."

"अख्ख्या शेताचा?"

 पोपट बांधावर बसला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. धूर बघून सोनुबाई आली. आता आई काय बोलते म्हणून त्यानं मान खाली घातली. सोनुबाईनं जळकं शेत पाहिलं, लेकाचं तोंड पाहिलं, आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली.

"हस तू," पोपट म्हणाला. "सहा महिनं पाला वाहिला. बायकोची मान गेली. तुला घरी आनायचं होतं म्हनून केलं, नायतर मला काय पडलं होतं गांडुळांचं?"

सोनुबाई हसायची थांबली. 

"राख तरी वाया नाय जानार," ती म्हणाली. "ताग पेर औंदा. भात नको."

पावसात पोपटनं ताग पेरला. सोनुबाईनं एक झाड उपटून दाखवलं: मूळ मुरमात घुसलेलं, आणि मुळाला बारीक गाठी. "ह्या गाठी जमिनीला खत देतात," ती म्हणाली. फुलोऱ्यावर आल्यावर ताग चिखलात गाडला. वर पुन्हा पाला, पुन्हा शेण. या खेपेला पोपटनं होळी झाल्या झाल्या घरातल्या सगळ्या काड्यापेट्या गजाच्या घरी नेऊन दिल्या. राबसुद्धा गजाच्याच हातानं भाजून घेतला. दोन महिने जयवंता चूल पेटवायला समोरून निखारे आणायची. "आमच्यांना काडी वर्ज्य हाय," ती सांगायची.

आधी आली ती वाळवी. पोपट तिच्यावर टाकायला पावडर घेऊन निघाला, तर सोनुबाईनं पुडी हिसकून घेतली. सुका पाला फोडायला आधी तीच लागते, बाकीचे मागून येतात, असं तिचं म्हणणं. वाळवीही अशी कामाला लागली, की पोपटनं न्याहारीला बसताना गुडघाभर वारुळावर टोपी ठेवली, आणि हात धुऊन आला तर टोपी काढायला त्याला टाचा उंच कराव्या लागल्या. उन्हं तापली तशी वाळवी कमी झाली. पाल्याखाली काळा थर दिसायला लागला, बोटाच्या पेराएवढा. पोपट रोज पाला उचलून बघायचा आणि झाकून ठेवायचा. कुणाला काही सांगायचा नाही.

पुढच्या आषाढात दोघा भावांची औतं एकाच दिवशी धरली होती. बगळे नेहमीसारखे गजाच्या नांगरामागून चालत होते. उलटणाऱ्या चिखलातून किडे-गांडुळं टिपायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. पोपटचं लक्ष बैलांकडे होतं.

"दादा!" गजा ओरडला. "माझं बगळं कशाला पळवतोस?"

पोपटनं मागं पाहिलं. त्याच्या नांगराच्या तासात सात बगळे होते. आठवा बांध ओलांडत होता. पहिल्याच्या चोचीत काहीतरी वळवळत होतं, लांब, गुलाबी. पोपटनं औत थांबवलं. बगळेही थांबले आणि त्याच्याकडे बघायला लागले, की हा थांबला का.

बांधावर सोनुबाई उभी होती. डोक्यावर गाठोडं.

"आये, अजून लावनी बी नाय झाली," पोपट म्हणाला. चिखलाच्या हातानं त्यानं डोळे पुसले. "भात येईल का नाय, कुनाला ठाव?"

"भाताचं बोलले होते का मी?" ती चिखलात उतरली, वाकून मूठभर माती उचलली, फोडली, नाकाशी नेली. "निम्मा येईल औंदा. निम्मा तर निम्मा. बगळं काय तुजं तोंड बघाया आलेत?"

"मी बोलवाया येनारच होतो गं."

"तुझी वाट बघत बसले असते तर तिकडंच मेले असते. जयवंताला सांग, दुपारचं आंबील करू नको, मला भात पायजे. आनि त्या कोपऱ्यात बघ, चिंबोरीनं बांध पोखरलाय. पानी चाललंय गजाकडं. आधी ते बुजव, मग रड."

पोपटनं बैल तिथंच सोडले आणि चिखलाचा गोळा घेऊन कोपऱ्यातल्या खेकड्याच्या बिळाकडे धावला.