परक्या वळणाचं अक्षर

वासंतीबाईंचं रोज सकाळी अकरापर्यंत मौन असे. वीस वर्षांचा नेम. वारज्यातला त्यांचा दूधवालासुद्धा पिशवी ठेवून मुकाट जायचा.

त्या दिवशी जप आटोपून, तुळशीला पाणी घालून त्यांनी हिंमतरावांच्या पंपांच्या कारखान्याची वेबसाइट उघडली. सगळं पान इंग्रजी, मधे एक परिच्छेद जपानी. तो बाईंनी लिहिलेला, खाली नावही त्यांचं. दुपारी जपानहून पाहुणे येणार होते, ते हेच पान वाचणार. बाई वाचता वाचता थबकल्या. ‘सरळ’ या अर्थाचं अक्षर भलतंच दिसत होतं. जपानी नव्हे, चिनी वळणाचं. पुढेही दोन-तीन तसलीच. पाहुण्यांच्या डोळ्यांना ते पहिल्या ओळीतच खुपणार, आणि हसं होणार तीस वर्षं जपानी शिकवणाऱ्या वासंतीबाईंचं!

पान कारखान्यातल्या उत्कर्षाने केलेलं. बाईंचीच विद्यार्थिनी. गेल्याच आठवड्यात हसत म्हणाली होती, “सेन्सेई, आता भाषांतरं मशीनच करतं हो!” जपानी शिकलेली मुलं गुरूला अशीच हाक मारतात.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. माझा मजकूर टाकून दिला, मशीनमधून काहीबाही काढलं आणि नाव मात्र माझं ठेवलं. म्हणूनच दोन दिवस तिचा फोन नाही!

मौनात बोलायचं नाही. टाइप करू नये असं काही ठरलेलं नव्हतं. सात वाजता त्यांनी हिंमतरावांना लिहिलं, ‘मजकूर माझा नाही. उत्कर्षाने फसवलं आहे.’ आणि दहाला धायरीच्या कारखान्यात हजर झाल्या. हिंमतराव पाहुण्यांना आणायला गेले होते.

“या ना सेन्सेई! मौन सुटायचंय अजून? पाणी तरी घ्या.”

पाण्याला हात न लावता बाईंनी कागदावर लिहिलं, ‘हे अक्षर माझं नाही.’

उत्कर्षाने पडद्याकडे बघून कपाळावर हात मारला. “अहो, तुमचंच आहे! चिनी-जपानीत अक्षर एकच, वळण वेगळं. आपला ल आणि हिंदीतला ल असतो ना, तसं. आपण मराठीच लिहितो, फोन कधीकधी हिंदी वळणाचा दाखवतो. मी अख्खं पान इंग्रजी म्हणून नोंदवलं. मधला तुकडा जपानी आहे हे सांगायचंच राहिलं. मग कॉम्प्युटरने चिनी वळण उचललं.”

जीभ फारच तयार आहे, बाईंना वाटलं. त्यांनी पिशवीतून आपला मूळ कागद काढला आणि बोट ठेवून ओळन् ओळ ताडून पाहिली. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. तोवर उत्कर्षाने परिच्छेदाच्या आधी ‘जपानी’ अशी एवढीशी खूण टाकून पान पुन्हा उघडलं. अक्षर बाईंच्या कागदावरच्यासारखं झालं.

तेवढ्यात फोन वाजला. हात कीबोर्डवर, म्हणून उत्कर्षाने स्पीकर लावला.

“बाईंचा मेसेज आत्ता बघतोय,” हिंमतरावांचा आवाज थंड होता. “त्यांच्या नावावर काहीही खपवतेस? सामान आवर. मी येईन तेव्हा तिथे दिसू नकोस. ठेवतो.”

उत्कर्षाने बाईंकडे नुसतं पाहिलं. घड्याळात पावणेअकरा.

“ठेवू नका, हिंमतराव.” आवाज घोगरा निघाला. “मी वासंती. मजकूर माझाच आहे. मुलीने काही फसवलेलं नाही. खोटं मी लिहिलं.”

“बाई? अहो, तुमचं मौन ना या वेळी?”

“ते सकाळी सातलाच मोडलं,” बाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला ओढून घेतला.