सैल सीट

"सीट धुवायला काढलीत आणि परत नुसती टेकवून ठेवलीत!" बाई गॅरेजच्या दारातूनच ओरडत आल्या. कडेवर तीन वर्षांची पोर, कपाळावर हे एवढं टेंगूळ. पहिल्याच वळणावर मुलांची ती सीट पोरीसकट आडवी झाली होती.

गाड्या आतून पुसायचं काम काकूंचं. मालकानं मागचापुढचा विचार न करता त्यांच्याकडे बोट दाखवलं. "हिचंच काम! उद्यापासून येऊ नकोस गं तू."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं दुसऱ्यांची घाण उपसली, ती याच्यासाठी? चोर सोडून संन्याशाला फाशी!

"मोबाईल काढा, मालक." त्यांनी ओलं फडकं बादलीत आपटलं. "गाडी आत घेताना फोटो काढता ना, ओरखड्याचं खापर आपल्यावर नको म्हणून? सकाळचा दाखवा."

"राहू दे गं आता..."

"राहू दे काय? पोटावर पाय येतोय माझ्या!"

फोटो निघाला. सीटमधून ओवायचा गाडीचा पट्टा कडेला तसाच गुंडाळलेला. म्हणजे पोरीला रोज सीटला बांधायचे, पण सीट कशालाच बांधलेली नव्हती. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "हे म्हणाले होते, बसवलीय म्हणून. चौकातल्या पोलिसानंसुद्धा बघून सोडलं."

"पोलीस काचेतून बघतो, बाई! सीट दिसली, संपला त्याचा कायदा." काकूंना आता आवरेना. "आणि मालक, सकाळीच सांगितलं होतं ना मी, सीट हलतेय, बाईंच्या कानावर घाला? तर म्हणे, कायद्याला सीट लागते, ती आहे. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवू नकोस! अहो, डोकं फुटलं असतं लेकराचं!"

मालक जमिनीकडे बघत राहिला. बरी जिरली मेल्याची, काकूंना वाटलं.

बाई मात्र त्यांच्याकडेच वळल्या होत्या. "तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"कळणार नाही तर काय! आंधळी आहे का मी?"

"किल्ली तर तुम्हीच दिलीत माझ्या हातात," बाई हळूच म्हणाल्या. "मग का नाही बोललात?"

नोकरी जाईल म्हणून, हे काकूंच्या अगदी ओठांवर आलं. पण पोर टकामका त्यांच्याकडेच बघत होती. काकूंना ते तिच्यासमोर बोलवेना.