तिसऱ्या खाटेजवळची पायरी

मित्रांनो, माझी उंची तुमच्या गुडघ्याच्या थोडी वर भरेल. दोन लोखंडी पायऱ्या, चार पाय आणि वर खरबरीत काळं रबर. इस्पितळाच्या यादीत माझं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण बाळंतिणींच्या वॉर्डात सगळ्या जणी मला नुसतं 'पायरी' म्हणायच्या. खाटा उंच आणि बायका अवघडलेल्या, म्हणून चढण्या-उतरण्याला मी. बावीस वर्षं मी तेवढं एकच काम केलं. आता मी इमारतीच्या मागे मोडक्या खाटांच्या ढिगात पडले आहे. अंगावर गंज चढला आहे, पण त्याचं मला फारसं दुःख नाही. लोखंड म्हटलं की गंज आलाच. मला दुःख आहे ते एका दुपारचं.

एका वेल्डरने मला घडवलं. त्या दिवशी आम्ही दहा बहिणी तयार झालो. त्याने प्रत्येकीवर स्वतः उभं राहून पाहिलं. "एवढा वेळ कशाला?" मालक कुरकुरला. "बाळंतिणीचं काम आहे," तो म्हणाला, "डुगडुगलं तर दोघांच्या जिवावर बेतेल." मग त्याने आमच्या पायांना रबरी टोप्या ठोकून बसवल्या.

मी वॉर्डात आले आणि तिसऱ्या खाटेजवळ स्थिरावले. माणसांचे चेहरे मला फारसे दिसत नाहीत. मला माणसं कळतात ती पायांवरून. सुजलेले पाय, भेगाळलेले पाय, मेंदी गेलेले, नखं घाईने कापलेले, भीतीने गारठलेले, असे किती पाय माझ्यावर टेकले याची गणती नाही. एक पाय मात्र मी झोपेतही ओळखला असता. तो मोठ्या सिस्टरांचा. त्यांच्या उजव्या बुटाची टाच आतून झिजलेली असायची. सगळा वॉर्ड त्यांना वचकून असे. डॉक्टरीणबाईसुद्धा त्यांच्याशी जपून बोलत. पण ऑपरेशन होऊन आलेली बाई पहिल्यांदा खाली उतरायची असली, की मोठ्या सिस्टर हातातलं काम टाकून यायच्या, वाकून मला जवळ ओढायच्या आणि म्हणायच्या, "ही माझ्याइतकीच जुनी आहे, ठेव बिनधास्त पाय." तेवढ्या कौतुकावर माझी वर्षामागून वर्षं गेली.

एकदा त्या तिसऱ्या खाटेवर एक शाळेतली शिक्षिका आली. कळा दोन दिवस चालल्या आणि बाळ अडलं. शेवटी धावपळ करून ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. बाळ रडलंच नाही. चौथ्या दिवशी ती माझ्यावरून उतरून घरी गेली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत काही नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने ते पोटावर ठेवले.

दोन वर्षांनी ते पाय पुन्हा माझ्यावर आले. या वेळी ऑपरेशनची तारीख आधीच ठरली होती आणि ती आदल्या दिवशीच दाखल झाली. सोबत सासूबाई होत्या. त्या शिवणकाम करायच्या. मशीनचं पॅडल मारून मारून त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा दणकट झाला होता. नवरा बांधकामावर मुकादम होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

शिक्षिकेने शाळेच्या वहीत प्रश्न लिहून आणले होते. मोठ्या सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. त्यांचे बूट माझ्यावर होते.

"वाच," त्या म्हणाल्या.

"उपाशी कधीपासून राहायचं?"

"संध्याकाळी हलकं जेव. मग मी वेळ सांगेन, त्यानंतर पोटात काही नाही. पाणीसुद्धा मला विचारून. सकाळी साबणाने अंघोळ करायची, नखांचा रंग काढायचा, अंगठी-बांगड्या सासूबाईंकडे द्यायच्या."

"मला झोपवणार का?"

"नाही गं. पाठीत एक सुई देतील. तेव्हा मांजरीसारखी पाठ बाकदार करायची आणि हलायचं नाही. कमरेखालचं सगळं जड होईल. मधे चादरीचा आडपडदा लावतील. तू जागी असशील. कोणी आत हात घालून पिशवी उचकतंय असं वाटेल. ओढल्यासारखं होईल, पण दुखणार नाही. मळमळलं, दुखलं, काही वेगळं वाटलं तर उशाशी डॉक्टर असतात, त्यांना लगेच सांगायचं. थंडी वाजून दात कडकड वाजतील. पुष्कळ जणींचे वाजतात. घाबरायचं नाही. बाळ दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येतं. टाक्यांना मात्र त्याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा 'अजून का नाही संपत' म्हणून जीव टांगणीला लावायचा नाही."

"टाके काय, मी रोज घालते," सासूबाई हसून म्हणाल्या. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. हिला तर कळाही सोसायच्या नाहीत. झोपायचं आणि उठायचं."

शिक्षिकेच्या पायांची बोटं आत वळली. मोठ्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आई, शिवलेलं कापड लगेच घडी घालून ठेवता येतं. माणसाचं तसं नसतं. कातडीच्या आतही टाके असतात, ते दिसत नाहीत."

वहीचं पान उलटलं. शिक्षिका म्हणाली, "शेवटचा प्रश्न आहे. या वेळीही नाही रडलं तर?"

मोठ्या सिस्टरांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि त्या पाय वर घेऊन तिच्या शेजारी नीट बसल्या. "मी देव नाही," त्या म्हणाल्या, "लिहून काही देणार नाही. पण गेल्या वेळी ते वाटेत अडकलं होतं. या वेळी त्याला त्या वाटेने यायचंच नाही. डॉक्टरीणबाई स्वतः दार उघडून घेणार आहेत. ठोके सकाळपासून ऐकतोय आपण, चांगले आहेत. मी उद्या तुझ्या डोक्याशी उभी राहणार आहे. एवढं मी नक्की सांगते."

दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. ती रडली. एवढी रडली, की वॉर्डात परत आणतानाही तिचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत ऐकू येत होता. मुकादम दाराशी उभा राहून बुटांनी जमीन उकरत होता. आनंद कसा करायचा असतो हे त्याला आठवत नसावं. शिक्षिकेने मुलीला छातीशी घेतलं आणि ती स्वतःच रडू लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता का रडतेस, सगळं छान झालं की." मोठ्या सिस्टरांनी त्यांना हळूच दूर नेलं. ते रडणं पहिल्या बाळाचं होतं. तेव्हा रडायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी तिला बजावलं, "दुखतंय म्हणून दातओठ खाऊन सोसत बसू नकोस, गोळी वेळेवर घे. खोकला आला, हसू आलं, तर टाक्यांवर उशी दाबून धर. उतरताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, गुडघे दुमडायचे, पाय खाली सोडायचे, हाताने रेटून बसायचं. दोन मिनिटं बसून राहायचं. मग माझा हात धरून उभं राहायचं. मी नसले तर दुसऱ्या सिस्टरचा. एकटीने नाही."

सकाळी त्यांनी तसंच तिला उतरवलं. तिचे पाय थरथरत होते, पण ती खिडकीपर्यंत जाऊन आली. चाललेलं चांगलं असतं, रक्त पायांत साचत नाही, असं त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता ती दुपार.

माझ्या मागच्या डाव्या पायाची रबरी टोपी चार महिन्यांपूर्वी पडली होती. मोठ्या सिस्टरांनी भांडारात तीनदा चिठ्ठी पाठवली होती. तीनदा 'उद्या' असं उत्तर आलं होतं. तोवर त्या माझ्या त्या पायाखाली पट्टीच्या कापडाची घडी सरकवत. सकाळी फरशी पुसताना ती घडी निघाली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

मोठ्या सिस्टर दुसऱ्या एका ऑपरेशनला गेल्या होत्या. बाळ पाळण्यात रडू लागलं. सासूबाई थर्मास घेऊन निघाल्या होत्या.

"किती वेळची रडतेय ती," त्या दारातून म्हणाल्या. "उचल की. मी तिसऱ्या दिवशी मशीनवर बसले होते. मी गरम पाणी घेऊन आलेच."

त्या गेल्या. पाळणा दोन पावलांवर होता. खाटेजवळ घंटीची दोरी होती. शिक्षिकेला ती दिसली नसेल का? दिसली असेल. पण ज्या रडण्यासाठी तिने दोन वर्षं कान लावले होते, ते रडणं तिला हाक मारत होतं. ती तशीच सरळ उठली. कळवळली. दोन्ही पाय एकदम माझ्यावर आले आणि मी कलले.

मी जमीन धरायचा प्रयत्न केला. उघडं लोखंड फरशीवरून सरकलं. एवढंच सांगते. पुढचं सांगवत नाही.

मुलीला काही झालं नाही, ती पाळण्यात होती. आईच्या टाक्यांचं एक टोक उसवलं. तिला पुन्हा आत न्यावं लागलं. नंतर ताप चढला आणि चार दिवसांचे सोळा दिवस झाले. पहिले काही दिवस तिला मुलीला हातांवर पेलवतही नव्हतं. पाजायची वेळ झाली की दुसरी कोणीतरी मुलीला धरून तिच्या छातीशी लावायची, आणि ती नुसतं एका बोटाने तिच्या गालाला स्पर्श करायची.

मोठ्या सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी मला उचलून उलटी केली आणि तो उघडा पाय सासूबाईंपुढे धरला. "ही चूक इस्पितळाची आहे," त्या म्हणाल्या, "आणि माझी. मी ही आधीच बाहेर काढायला हवी होती. पण आई, तिला उठायला कोणी सांगितलं?"

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्या म्हणाल्या, "माझी तीन बाळंतपणं घरात झाली. मधलं राहिलं नाही. तेव्हाही मी तिसऱ्या दिवशी मशीनवर होते. कोणी उठू नकोस म्हणालं नाही, सिस्टर. मला वाटलं, असंच असतं."

मोठ्या सिस्टर त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तोवर कोणीतरी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं होतं. मला परत आत नेलं नाही. ते बरोबरच झालं. त्या महिन्याच्या अखेरीस मोठ्या सिस्टरही निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी वॉर्डातल्या सगळ्या पायऱ्या उलट्या करून एकेकीचे पाय तपासले.

शिक्षिका घरी गेली तो दिवस मी व्हरांड्यातून पाहिला. मोठ्या सिस्टर दारापर्यंत आल्या होत्या. "बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही," त्या सांगत होत्या. "ताप आला, टाके लाल झाले, पाणी सुटलं, रक्त जास्त गेलं, पोटरी दुखली, धाप लागली, तर उद्यावर टाकायचं नाही. लगेच यायचं."

मुकादमाने मुलीला घेतलं होतं. शिक्षिकेने चपलांकडे पाहिलं आणि ती थांबली. चपलांचे पट्टे लावायचे होते आणि तिला वाकता येत नव्हतं.

तेव्हा सासूबाई खाली बसल्या. व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. त्यांनी सुनेचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. शिक्षिका ओशाळून म्हणाली, "आई, असू दे हो, मी करते." त्यांनी मान वर केली नाही. एक पट्टा लावला, दुसरा लावला, आणि पाय हळूच जमिनीवर ठेवून म्हणाल्या, "तू नुसती उभी राहा. घाई नाही."

मित्रांनो, तुमच्या घरीही कधीतरी कोणी ऑपरेशन होऊन बाळ घेऊन येईल. तुमची आई असेल, मावशी असेल, वहिनी असेल. 'हिला कळा सोसाव्या लागल्या नाहीत' असं तिच्यासमोर कोणी म्हणू लागलं, तर त्याला गप्प करा. तिच्या वाटेतली वस्तू डुगडुगत असेल, तर ती आजच नीट करा. आणि ती खाटेवरून उतरू लागली, की तुमच्यापैकी एकाने तिच्याजवळ जा. बाळ बघायला पुष्कळ जण असतील.