लंबूनं रंधा देऊन टाकला

काय बघताय, मित्रांनो? चुलीत घालायचं लाकूड नव्हे मी. मी सुताराचा रंधा आहे, जुना. फळीवर फिरायचं आणि खडबडीत असेल ते गुळगुळीत करायचं, हा माझा धंदा. मला तोंड आहे, पण त्यातून ढलप्या पडतात. शब्द आज पहिल्यांदाच काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

मला लंबूनं घडवलं. लंबू म्हणजे उंच, जरा वाकलेला, कारखान्यात शिरताना चौकटीवर डोकं हटकून आपटणारा सुतार. जुन्या तुळईचा एक टणक तुकडा त्याला मिळाला. त्यातून त्यानं मला कोरलं, पातं बसवलं, पाचर ठोकली, तेल पाजलं. पुढं त्याचा अंगठा जिथं टेकायचा तिथं माझ्या पाठीवर खळगा पडला. त्या खळग्यात दुसऱ्याचा अंगठा बसतच नाही. म्हणून आमच्या कारखान्यात म्हणतात, करवत माग, हातोडी माग, रंधा मागू नको.

काय काय केलं आम्ही! पाळणे केले, दारं केली, शाळेचे बाक केले. तुम्ही ज्यावर नावं कोरता ना, तेच. गिऱ्हाईक लाकडावर हात फिरवून म्हणायचं, "लोणी आहे, लोणी!" आणि लंबू मला थोपटायचा.

शेजारच्या बाकावर बोका असायचा. तोही सुतारच. मिशा, पोट आणि दुसऱ्याच्या डब्यावर नजर, म्हणून बोका. त्याचा माझ्यावर डोळा होता.

"दे की रे लंब्या, एकदाच."

"माझ्या मढ्यावरून घे."

"मग मर की लवकर! किती वाट बघायला लावतोस!"

आणि दोघं खो खो हसायचे. रोजचंच होतं ते.

मग लंबू गप्प गप्प व्हायला लागला. काम करताना शीळ घालायचा, ती थांबली. डबा न उघडताच घरी परत जायला लागला. डोळे तांबारलेले. लाकूड चिकटवायचा सरस तापवायचा आणि विसरून जायचा, भांड्यात त्याचा दगड व्हायचा. एकदा म्हणाला, "माझ्यावाचून कुणाचं अडलंय?" बोक्याला वाटलं, वय झालं, कुरकुरतोय. मला मात्र पाठीवर कळत होतं. अंगठा खळग्यात टेकायचा, पण त्यात जीवच नसायचा. कारण काय म्हणाल, तर एकच असं नव्हतं. कीड काही एका दिवसात लाकूड पोखरत नाही, आणि वरून दिसतही नाही.

एका दुपारी लंबूनं मला पुसलं, तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि बोक्याच्या हातात ठेवलं.

"घे. तुझाच आता."

"खरं? आईशप्पथ?"

"खरं. नीट वापर."

आणि दारातून सगळ्यांकडे एकदा बघून लंबू घरी गेला.

बोका तर हवेतच. लगेच मला फळीवर चालवलं. मी अडलो, उड्या मारल्या, फळी खरवडून ठेवली. त्याचा जाडजूड अंगठा माझ्या खळग्यात चाचपडत राहिला आणि एकदम थांबला. तोंडावरचं हसू उतरलं. 'माझ्या मढ्यावरून घे' म्हणणारा माणूस आपण होऊन देऊन गेला होता.

बोका मला काखेत मारून धावत सुटला. कधी न धावलेला माणूस, पोट सांभाळत.

लंबू घरात खिडकीपाशी एकटा बसला होता, बायको बाहेर गेलेली. बोका धापा टाकत समोर बसला. आणि मित्रांनो, त्यानं आडवळण घेतलं नाही.

"लंब्या, मरायचं येतंय का तुझ्या मनात?"

लंबू बराच वेळ नखातला सरस काढत राहिला. मग हळूच म्हणाला, "येतं."

"अरे येड्या, काय कमी आहे तुला..." बोक्यानं स्वतःचीच जीभ चावली. "नाही, चुकलो. तू बोल. मी गप्प बसतो."

"तू? गप्प?"

"प्रयत्न करतो, बाबा."

आणि बसला की! जन्मात पहिल्यांदा. लंबू बोलला, रडला, परत बोलला. बोक्यानं उपदेशाचा एक खिळा ठोकला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "आज मी इथून हलत नाही. वहिनी आल्या की दोघं मिळून त्यांना सांगू. उद्या डॉक्टरकडे."

"वेडा ठरवतील मला."

"दाढ दुखली म्हणून गेलो होतो, तेव्हा मी वेडा ठरलो का? आणि हा रंधा तुझाच. माझ्याकडे नुसता ठेवतोय. मागायला यायचं. स्वतःच्या पायांनी."

वहिनी आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि लंबूचा हात धरला तो सोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरकडे गेले.

जादू झाली नाही हो. औषधं होती, डॉक्टरशी बोलणं होतं, आणि काही सकाळी लंबू अंथरुणातून उठायचाच नाही. बोका जायचा, उशाशी बसायचा, पत्ते पिसायचा आणि लबाडी करून हरायचा. मी त्याच्या पेटीत पडून. पात्याला गंज चढला. दार वाजलं की कान टवकारायचो. कुणी दुसराच यायचा.

आणि एका सकाळी चौकटीवर आवाज झाला. ठक्!

"आई गं! ही चौकट कुणी उंच का नाही करत? बोक्या, माझा रंधा दे. पार वाट लावली असशील त्याची."

"त्या दिवसानंतर हात लावला असेल तर मिशी उतरवीन!" बोका म्हणाला, आणि नाक पुसायला पलीकडे वळला.

अंगठा खळग्यात टेकला. बसला.

तर मित्रांनो, आपलं माणूस गप्प झालं, जिवापाड जपलेलं वाटून टाकायला लागलं, तर सरळ विचारा. विचारल्यानं नसतं ते मनात शिरत नाही. कुणी मरणाचं बोललं आणि शप्पथ घातली, तरी ते गुपित पोटात ठेवू नका. लगेच घरच्या मोठ्या माणसाला, गुरुजींना, बाईंना सांगा. त्याला एकटं सोडू नका. आणि तुमच्याच मनात तसं आलं, तर नखातला सरस काढा हवा तेवढा वेळ, पण मग 'येतं' म्हणा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला म्हणा.

बास आता. माझ्या तोंडात लाकूड आलंय. लंबूची शीळ अजून रोज नसते. आज आहे.